बहात्तर भोकं, पाऊण किलो आम्ल

आमच्या बाथरूममधल्या शॉवरला बहात्तर भोकं आहेत. त्या मंगळवारी सकाळी त्यांतल्या अकरांतून पाणी येत होतं, तीन भोकांच्या तोंडाशी येऊ की नको अशा विचारात एकेक थेंब लोंबत होता आणि उरलेली अठ्ठावन्न बंद होती. अकरांपैकी चार भोकांचं पाणी खाली न येता आडवं, थेट आरशावर जात होतं. म्हणजे माणसाच्या अंगावर पाणी टाकण्याच्या कामी येणारी भोकं फक्त सात. हे मी स्टुलावर चढून, टाचणीचं टोक लावून मोजलं होतं आणि दोनदा मोजलं होतं, कारण पहिला आकडा बाबांनी मान्य केला नाही.

बाबा कुणाचाच पहिला आकडा मान्य करत नाहीत. त्यांनी तीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या खात्यात काढली. भाजीवाल्याकडे ते भाजीच्या आधी तराजूकडे बघतात. निवृत्त होताना खात्याने त्यांना एक शाल आणि एक घड्याळ दिलं आणि बाबांनी स्वतःच्या पैशाने एक जुना दांडीचा तराजू आणि पितळी वजनांची पेटी विकत घेतली. हा तराजू आईने ताबडतोब माळ्यावर टाकला. महिन्याभरापूर्वी बाबा त्याला तेल द्यायला म्हणून शिडीवर चढले. तराजू माळ्यावरच राहिला, बाबा मात्र खाली आले. उजव्या खांद्यापाशी हाड मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याला पट्टा घातला आणि सांगितलं की अंघोळीपुरता पट्टा काढा, पण वाकायचं नाही, हात वर करायचा नाही आणि तांब्या उचलायचा नाही. त्यामुळे तांब्याचा ताबा आईकडे गेला. आई अंगणाला पाणी मारावं तसं बाबांवर पाणी मारते. तिचं म्हणणं, काम पटापट उरकलं पाहिजे. बाबांचं म्हणणं, मी काय जिना आहे का. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी, शुक्रवारी, आईने त्यांच्या कानामागे स्वतः साबण लावला आणि लहान मुलाला विचारतात तसं "डोळे मिटलेस का?" असं विचारलं. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी जाहीर केलं की स्वतःची अंघोळ स्वतः करता येईल तेव्हाच आता अंघोळ.

मंगळवार हा या संपाचा पाचवा दिवस होता. येत्या सोमवारी एक्स-रेसाठी दवाखान्यात जायचं होतं आणि आईने सांगून टाकलं होतं की असल्या माणसाबरोबर ती रिक्षात बसणार नाही.

पण मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाबा एरवी गात नाहीत. कुणी आग्रह केला तरी नाही. ते फक्त अंघोळ करताना गातात, तेही दार बंद असताना, आणि बाहेर आल्यावर कुणी विषय काढला तर मी नव्हतोच असा चेहरा करतात. शिडीवरून पडल्यापासून आमच्या घरात गाणं नव्हतं.

उपाय तसा समोर टांगलेला होता. शॉवर चालू झाला की बाबा खुर्चीवर बसून, डाव्या हाताने चावी फिरवून, कुणाच्याही मदतीशिवाय अंघोळ करू शकले असते. आणि घरात रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, सध्या नोकरीच्या उत्तरांची वाट बघणारी एक मुलगी रिकामी बसली होती. मी म्हटलं, भोकांत क्षार साचलेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे. या वाक्यातला अर्धा दिवस सोडून बाकी सगळं बरोबर निघालं.

शॉवरचं तोंड काढून मी दुपारभर व्हिनेगरमध्ये ठेवलं. संध्याकाळपर्यंत भोकं मोकळी झाली. उजेडासमोर धरून पाहिलं तर एकाहत्तर भोकांतून पलीकडचा दिवा दिसत होता, एकच हटून बसलं होतं. तोंड परत बसवलं, चावी सोडली. पाणी अकरांतूनच आलं. फरक इतकाच की आता ते वेगळ्या अकरांतून येत होतं.

बुधवारी प्लंबर आला. त्याने भिंतीवरच्या पाईपवर पान्याने दोनदा टकटक केली, कान लावला आणि छातीचा डॉक्टर बोलेल अशा आवाजात म्हणाला, "ताई, हा आतून भरलाय." गीझरपासून शॉवरपर्यंतचा दोन मीटरचा लोखंडी पाईप, वर जस्ताचा मुलामा असलेला, आतून निम्मा बुजला होता. नवा टाकता येईल का विचारलं तर म्हणाला, या जुन्या आट्यांचा पाईप मागवावा लागेल, पंधरा दिवस धरा. मी म्हटलं, मग हाच साफ करू. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "म्हातारा झालाय तो, ताई." खोलीत बसलेल्या बाबांनी खाकरून घेतलं.

पाईप काढायचा तर पाणी बंद करायला हवं. आमच्या घरातली चावी क्षारांनी जाम झालेली. म्हणजे गच्चीवरची मुख्य चावी, म्हणजे बाराही घरांचं पाणी, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी.

सेक्रेटरीकाका पहिल्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा छापील अर्ज असतो. पाणी बंद करण्याच्या अर्जावर बाराही घरांच्या सह्या हव्यात आणि सूचना तीन दिवस फळ्यावर लागलेली हवी. अर्जात 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी 'कॅल्शियम कार्बोनेटचा थर सायट्रिक आम्लाने विरघळवणे' असं लिहिलं. काका बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, यात स्फोट वगैरे आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी शेजारी स्वतःच्या हाताने 'स्फोट नाही' असं लिहिलं आणि तारीख घातली. ही सूचना फळ्यावर लागली तेव्हा लोकांनी तेवढेच दोन शब्द वाचले. पूर्वी कुणाला स्फोटाची शंका आली नव्हती, ती आता आली.

मी वही घेऊन घरोघर फिरले. मला सह्या बारा हव्या होत्या, सल्ला एकही नको होता. गुरुवार संध्याकाळपर्यंत सह्या अकरा झाल्या आणि सल्ले एकतीस. हातोडीने ठोक, उकळतं पाणी ओत, सायकलच्या साखळीचं तेल सोड, आत वायर घालून फिरव, उन्हात ठेव. एका आजोबांनी तर पाईप तसाच ठेवून बाबांनाच बदलायला सुचवलं, म्हणजे त्यांच्या सवयी. बारावी सही खुद्द सेक्रेटरीकाकांची. ते म्हणाले, रहिवासी म्हणून माझी हरकत आहे की नाही हे आधी ठरलं पाहिजे, मग सेक्रेटरी म्हणून मी मंजुरी देईन. रहिवासी म्हणून त्यांनी आतल्या खोलीत जाऊन सही केली, मग बाहेर येऊन चष्मा बदलून सेक्रेटरी म्हणून केली. मंजूर वेळ, शनिवार सकाळी दहा ते बारा.

इथे मला थोडा हिशेब सांगायला हवा. पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

क्षार आणि आम्ल एकमेकांना ठरलेल्या प्रमाणात संपवतात. शंभर ग्रॅम क्षारांना एकशे अठ्ठावीस ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, दुकानात मिळणारे ते आंबट पांढरे खडे. दोन्ही एकाच वेळी संपणं हा योगायोग, एक आधी संपतं आणि दुसरं मागे उरतं. जे आधी संपतं त्याच्यावर सगळं काम अडतं. मागे उरणारं कितीही असो, ते नुसतं बघत बसतं. आमच्या बाबतीत मात्र ते बघत बसणार नव्हतं. आम्ल आधी संपलं तर थोडे क्षार राहतील, काही बिघडत नाही. पण क्षार आधी संपले तर उरलेलं आम्ल पाईपचा मुलामा खायला लागेल. म्हणून आम्ल हिशेबापेक्षा किंचित कमीच हवं होतं. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणाचा सगळा अर्क या 'किंचित कमी'मध्ये होता.

शनिवारी, संपाच्या नवव्या दिवशी, दहा वाजता पाणी बंद झालं. प्लंबरने पाईप उतरवून खाली सायकलींच्या छपराशेजारी आणला. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर आडवा ठेवून तोलला. काट्याने तीन किलो सातशे चव्वेचाळीस दाखवलं. खिडकीतून बघणाऱ्या बाबांनी वरून विचारलं, काटा तपासलास का. मग त्यांच्या पेटीतलं एक किलोचं वजन खाली आलं, काट्याने एक हजार चार दाखवलं. मग अर्ध्या किलोचं आलं, काट्याने पाचशे चार दाखवलं. काटा सरसकट चार ग्रॅम जास्त सांगत होता. म्हणजे पाईप तीन किलो सातशे चाळीस. असा नवा पाईप मीटरला एक किलो पाचशे सत्तर ग्रॅम भरतो, हे प्लंबरच्या दुकानातल्या तक्त्यावर होतं. दोन मीटरचे तीन किलो एकशे चाळीस. आतले क्षार, सहाशे ग्रॅम. त्यांना लागणारं लिंबूसत्त्व, सातशे अडुसष्ट ग्रॅम. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात आदल्या दिवशी मला पाव किलोच्या नेमक्या तीन पुड्या मिळाल्या होत्या, सातशे पन्नास. अठरा ग्रॅम कमी, म्हणजे शेवटी चौदा ग्रॅम क्षार मागे राहणार, तोही आकडा मी वहीत लिहून ठेवला. इतकं जुळून आलेलं पाहून मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिन्ही पुड्या मी बादलीभर कोमट पाण्यात विरघळवल्या. बेत असा होता की पाईप तिरका उभा करायचा, वरून नरसाळ्याने हे पाणी ओतायचं, खाली दुसऱ्या बादलीत धरायचं आणि पुन्हा वरून ओतायचं, दीड तास. सगळं तयार होतं. नरसाळं मात्र वर राहिलं होतं. मी ते आणायला गेले. आईने ते नेहमीची जागा बरोबर नाही म्हणून दुसऱ्या, अधिक योग्य जागी ठेवलं होतं, त्यामुळे सात मिनिटं गेली.

या सात मिनिटांत काय झालं ते मला नंतर अनेकांनी, प्रत्येकाने स्वतःला वगळून, सांगितलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू घरी शिवणकाम करतात. निम्म्या गल्लीचे शर्ट आणि सगळ्या गल्लीच्या भानगडी त्यांच्या हाताखालून जातात. मन मोठं आहे, फक्त त्याला थांबता येत नाही. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. नुसतं पाणी. ना वास, ना रंग, ना फेस. त्यांना माझी कीव आली. घरात मोरी तुंबली की त्या खायचा सोडा टाकतात. सोडा फसफसतो, आणि ज्याअर्थी फसफसतो त्याअर्थी साफ करतो. त्यांनी घरातून अर्धा किलोची पुडी आणून बादलीत रिकामी केली. बादली अशी काही उसळली म्हणतात, की छपराखाली उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. ते पाहून सेक्रेटरीकाकांना वाटलं की इमारतीच्या कामात समितीचा वाटा नको का. त्यांनी आणखी अर्धा किलो मागवून समितीच्या वतीने घातला.

मी नरसाळं घेऊन जिना उतरले तेव्हा फेस पायरीपर्यंत आला होता आणि सगळे माझं अभिनंदन करत होते. काकूंच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "बघ," त्या म्हणाल्या, "कसं निघालं सगळं."

पाईप अजून कोरडाच भिंतीला टेकून उभा होता.

माझ्याकडे कॉलेजमधली लिटमस कागदाची एक पुस्तिका उरली आहे. निळा कागद आम्लात लाल होतो. मी एक पट्टी बादलीत बुडवली. ती निळीच राहिली. दुसरी बुडवली. तीही निळी. मग मी सायकलच्या कॅरियरवर बसून अंगठ्याने तळहातावर हिशेब केला, कारण त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सातशे पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व संपवायला नऊशे चौऱ्याऐंशी ग्रॅम सोडा लागतो. आपल्या शेजाऱ्यांनी एक किलो घातला होता. आम्ल शून्य. सोडा, सोळा ग्रॅम उरला.

मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण अभिनंदनासाठी पुढे आलेले हात मागे गेले. फेस तेवढा बारीक आवाजात फुटत होता. प्लंबर उपड्या डब्यावर बसला होता, तो समाधानाने म्हणाला, "मी म्हटलं होतं, म्हातारा झालाय." वर खिडकीत बाबा होते. त्यांनी डाव्या हाताने खिडकीचं दार हळूच ओढून घेतलं. खिडकी लावण्याचा तो आवाज मला सगळ्यांत जास्त लागला.

कोपऱ्यावरच्या दुकानात लिंबूसत्त्व उरलं नव्हतं, तिन्ही पुड्या मीच आणल्या होत्या. शेजाऱ्यांनी घराघरांतून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या. त्या अकरा भरल्या, सगळं मिळून साडेसहा लिटर. लागणार होतं अठरा लिटर. पावणेअकरा वाजले होते आणि बाराही घरांत लोक भरून ठेवलेल्या बादल्यांकडे बघत होते.

काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात मोजपट्टी, हातात रिकामी पुडी.

"म्हणजे मी बिघडवलं?"

मी म्हटलं, तसं नाही. तसंच होतं. मग मी त्यांना समजावायला लागले की दोन पदार्थ ठरलेल्या प्रमाणात संयोग पावतात, त्यांतल्या मर्यादित असलेल्या पदार्थावर, आणि इतकं झाल्यावर त्यांचा चेहरा पाहून थांबले. चार वर्षं मी हे परीक्षेत लिहिलं, कुणाला सांगितलं कधीच नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "एका शर्टाला बटणं किती?"

"सात. आणि एक जादा आत शिवायचं."

"तुमच्याकडे दहा शर्टांचं कापड आहे आणि बटणं चाळीस. शर्ट किती होतील?"

"पाच." त्यांना विचारही करावा लागला नाही. "कापड पडून राहील."

"आणि कापड आणखी आणलं तर?"

"आणखी पडून राहील. बटणं संपली ना." त्या थांबल्या. बादलीकडे बघितलं, मग पुडीकडे. "तुझी बटणं कुठली?"

"लिंबूसत्त्व. पाईपमधल्या क्षारांना शिवायला आणलेलं."

"आणि मी सगळी बटणं या सोड्याला लावून टाकली."

मी मान हलवली. काकूंनी पुडीची नीट घडी घालून ती ब्लाउजात खोचली. "मग हे आधी सांगायचंस की," त्या म्हणाल्या. "इतकी साधी गोष्ट, आणि तुम्ही ती पुस्तकात कशाला लपवून ठेवता?"

त्या पायात चप्पल अडकवून निघाल्या. मागच्या गल्लीत सरबताचा छोटा कारखाना आहे, तिथल्या कामगारांचे ॲप्रन त्या शिवतात. सरबतवाला आंबटपणासाठी काय वापरतो हे मला चार वर्षं शिकून सुचलं नव्हतं, ते काकूंना चपलेचा बंद लावेपर्यंत सुचलं. साडेअकराला त्या परत आल्या त्या पाच किलोची पिशवी कडेवर घेऊन.

आता अडचण उलटी झाली. पाच किलो समोर दिसल्यावर सगळ्यांना वाटायला लागलं की सगळंच घालावं. एवढं आहे तर कशाला हात आखडायचा, एकदाच काय ते निघून जाईल. सेक्रेटरीकाकांनी तर पिशवीच्या तोंडाची दोरी सोडलीसुद्धा. काकू बादली आणि जनता यांच्यामध्ये उभ्या राहिल्या आणि मोजपट्टी दोन्ही हातांत ताणून धरली.

"पाऊण किलो," त्या म्हणाल्या. "एक चिमूट जास्त नाही. क्षार संपले की हे पाईप खाईल, कळतंय का? ज्याला घालायची हौस असेल त्याने घरी जाऊन भाजीत मीठ घाला."

पण पाऊण किलो मोजणार कशावर? काटा मघाच्या फेसात न्हाऊन निघाला होता. त्याच्या पट्टीवर वजनाऐवजी आठ, आठ, आठ असं काहीतरी लुकलुकत होतं. वरची खिडकी पुन्हा उघडी दिसत होती, आणि तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. पुढे आई होती, तिच्या दोन्ही हातांत तो माळ्यावरचा दांडीचा तराजू, आणि मागे डाव्या हातात पितळी पेटी घेतलेले बाबा. आई शिडीवर चढली होती. ती बाबांकडे न बघता मला म्हणाली, "धर हे. एवढ्यासाठी माणूस हाड मोडून घेतो, तर एकदा वापरून तरी टाका."

बाबांनी तराजू छपराच्या हुकाला अडकवायला लावला. दांडी स्थिर होईपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही असं सांगितलं आणि लोकांनी खरोखर घेतला नाही. पाचशे, दोनशे, पन्नास, अशी तीन वजनं त्यांनी एका पारड्यात स्वतः ठेवली. दुसऱ्यात काकू चमच्याने लिंबूसत्त्व घालत होत्या. शेवटी बाबांनी पाच खडे काढायला लावले, मग दोन परत घालायला लावले. मंगळवारपासून पहिल्यांदाच ते कुठल्यातरी आकड्यावर खूश झालेले मी पाहिले. तसे ते जवळून पाहण्याची स्थिती नव्हती, नववा दिवस होता. वारा येत होता त्या बाजूला सगळेजण उभे होते.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. सेक्रेटरीकाकांनी घड्याळ पाहिलं, फळ्यावरची सूचना काढली, तिच्या पाठीमागे 'सभासदांच्या सोयीसाठी दोन वाजेपर्यंत' असं लिहून उभ्या उभ्या सही केली. चष्मा बदलला नाही. समितीचा अर्धा किलो त्यांच्याही मनाला लागला होता.

मघाची बादली ओतून, धुऊन, शेजाऱ्यांनी भरून ठेवलेल्या पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलं आणि मग आम्ही ओतायला लागलो. पाईप तिरका, वर नरसाळं, खाली बादली. पहिला तांब्या आत गेला आणि खालच्या तोंडातून आधी नुसता सूं असा आवाज आला, मग फेस, मग गढूळ पांढरं पाणी. आता फसफस योग्य ठिकाणी होती, पाईपच्या पोटात, आणि बाहेर तिचा फक्त आवाज येत होता. दोन-दोन जणांनी पाळ्या लावून घेतल्या, एक ओतणारा, एक बादली बदलणारा. एकतीस सल्ले देणारे लोक आता ओतताना एकमेकांना सांगत होते, हळू, सावकाश, कडेने. प्लंबरही उठला. तो म्हणाला, नुसता बसून कंटाळा आला म्हणून. पण सगळ्यांत जास्त तांबे त्याने ओतले, आणि दर दहा तांब्यांनंतर पाईपला कान लावून तो "अजून चावतंय" असं सांगायचा.

सव्वा वाजता तो म्हणाला, "थांबलं."

मी कागदाची पट्टी बादलीत बुडवली. ती जेमतेम लाजल्यासारखी झाली आणि तशीच राहिली. आम्ल संपत आलं होतं. पाईप स्वच्छ पाण्याने धुतला, पुसला, वाळवला. तोपर्यंत काटाही वाळून शुद्धीवर आला होता. तीन किलो एकशे अठ्ठावन्न. "चार वजा," बाबा आणि काकू एकदम म्हणाले. तीन किलो एकशे चोपन्न. म्हणजे चौदा ग्रॅम क्षार मागे राहिले होते, आणि वहीत मी सकाळी लिहिलेला आकडाही चौदाच होता. मी वही बाबांसमोर धरली. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, पाईपकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं.

"पहिला आकडा?" त्यांनी विचारलं.

"पहिला."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता.

सरबतवाल्याच्या पिशवीत सव्वाचार किलो लिंबूसत्त्व उरलं. त्याची बातमी पाच मिनिटांत बाराही घरांत गेली आणि लोक किटल्या, इस्त्र्या, नळांची तोंडं आणि एका घरातून तर नुसतंच काळं पडलेलं एक भांडं घेऊन रांगेत उभे राहिले. काकूंनी रांगेपुढे खुर्ची टाकली. प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारत होत्या, "आधी सांगा, क्षार किती?" ज्याला सांगता येईना त्याला रांगेच्या शेवटी पाठवत होत्या. प्लंबर त्यांच्या शेजारी उभा राहून किटल्यांना कान लावत होता.

दोनला पाच मिनिटं कमी असताना पाईप भिंतीवर बसला. दोनला गच्चीवरची चावी उघडली. मी बाथरूममध्ये खुर्ची ठेवली आणि बाबा टॉवेल-साबण घेऊन आत गेले. आई तांब्या घेऊन दाराशी उभी होती. त्यांनी तो तिच्याकडून घेतला, बाहेरच्या बाजूला स्टुलावर ठेवला आणि आतून कडी लावली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चावी फिरल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, एकदम, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. आई तिथेच दाराला पाठ टेकून बसली. म्हणाली, पडले-बिडले तर कुणीतरी जवळ हवं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा तिने मला हाताने गप्प राहायची खूण केली, मी काही बोलत नसताना. दुसऱ्या गाण्याचं एक कडवं बाबा विसरले आणि तिने ते दाराच्या या बाजूला, तोंडातल्या तोंडात पुरं केलं. खालून कुणीतरी किटली चमकली म्हणून ओरडत होतं.

चोवीस मिनिटं झाली. गाणी तीन. कडी निघाली. बाबा बाहेर आले, खांद्यावर पट्टा नीट बांधलेला, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि मी नव्हतोच असा चेहरा. ते आईच्या शेजारून पुढे गेले, माझ्यापाशी थांबले.

"बहात्तरपैकी एकाहत्तर," ते म्हणाले. "दोनदा मोजली."